शिगुलाताईच्या आठ वाट्या

पेसाहचा सण आठवड्यावर आला की शिगुलाताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आठ वाट्या लागायच्या. पितळेच्या, आतून नुकती कल्हई केलेल्या, चकचकीत. एकेक वाटी म्हणजे सणाचा एकेक दिवस, आणि वाटीत जे पडेल ते त्या दिवशीचं जेवण. आमसूल दिसलं की माशाचं कालवण. लवंग म्हणजे मटण. खोबऱ्याचा तुकडा म्हणजे नारळाच्या दुधातली कोंबडी. अंडं काही आठवडाभर खिडकीत ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या जागी मुलाच्या लहानपणची पांढरी गोटी. नोकरीभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होती ती. वॉर्डातल्या गोळ्यांच्या ट्रेवर तिचा जितका विश्वास, तितका जगात कशावरही नव्हता.

वाट्या लागल्या की घरातल्यांनी हरकती घ्यायच्या. तोंडानं घेतलेली हरकत ती ऐकायचीच नाही. येता-जाता वाटीतली वस्तू उचलायची आणि दुसऱ्या वाटीत टाकायची, ही रीत. तिचे यजमान डॅनियलभाऊ, रेल्वेतले, मनमाडला बरीच वर्षं काढलेले, या कामात पटाईत. पाणी प्यायला म्हणून आत जायचे आणि लवंग चौथ्या वाटीतून पहिलीत आणून सोडायचे. शिगुलाताई चहा गाळता गाळता पाठमोरीच म्हणायची, "लवंग होती तिथे ठेवा. हझ्झान काय तुमच्या रेल्वेच्या पासावर येणार आहेत?" कारण त्यांना चालेल असं मटण नाशकात मिळत नसे, त्यांच्या धर्माच्या रीतीनं कापणारे हझ्झान ठाण्याहून यायचे, आणि ते ज्या दिवशी येणार तीच लवंगेची वाटी. सणाआधीच्या शुक्रवारी दिवेलागण झाली, तिचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सुरू झाला, की हरकती बंद. मग ब्रह्मदेव आला तरी बटाट्याच्या जागी रताळं जायचं नाही.

शिगुलाताई बेने इस्राएल, म्हणजे आपल्याच कोकणातली ज्यू. माहेर अलिबागकडचं, आडनावाच्या शेवटी 'कर', अंगावर नऊवारी नसली तरी बोलण्यात आईची नऊवारी शाबूत. त्यांचे पूर्वज मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, गुलामी सोडून निघाले ते इतक्या घाईनं, की कणीक फुगायलाही सवड मिळाली नाही. त्याची आठवण म्हणून पेसाहचे आठ दिवस घरात फुगलेलं, आंबलेलं काही नाही. पाव नाही, पोळी नाही, रवा-शेवई नाही. "आमची आजी याला अनाशी ढाकायचा सण म्हणायची," ती सांगे. "अनास म्हणजे आंबटाची बरणी असायची, तिचं तोंड बांधून ठेवायचं. बरणीनंसुद्धा उपास करायचा." मात्साची, म्हणजे बिनखमिराच्या कडक पापडासारख्या भाकरीची खोकी मुंबईहून यायची. पण त्यांचं खरं पोट भरायचं तांदळावर. सुरगाण्याचा एक ओळखीचा माणूस दरवर्षी जीपमधून तांदळाचं पोतं आणून टाकायचा. ते तांदूळ धुऊन, वाळवून शिगुलाताई घरच्या जात्यावर दळायची. गिरणीत दिवसभर गहू दळतात, तिथलं पीठ तिला चालायचं नाही. मग आठ दिवस उकडीची भाकरी, घावन, नारळाच्या दुधातली तांदळाची खीर.

हे सगळं मला आज पाठ आहे. पण मी नाशिकरोडच्या त्या बिल्डिंगीत नवी सून म्हणून आले, तेव्हा वय वीस आणि अक्कल त्याहून कमी. माहेर निफाडकडचं. द्राक्षाच्या बागेत वाढलेली मुलगी, तिला वाटायचं जगात दोनच जाती: आपले आणि मुंबईचे. समोरच्या दारातली सिस्टरबाई साखर मागायला आली की मी तिच्या गळ्यातला सहा टोकांचा तारा बघत राहायचे. एकदा विरजण मागायला तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि खिडकीत पाहते तो काय, आठ वाट्या! एकीत लवंग, एकीत लसूण, एकीत आमसूल. मला दरदरून घाम फुटला. आमच्या गावात असलं काही ओळीनं मांडलेलं दिसलं की शहाणी माणसं वाट बदलत. ही बाई करणी करतेय, आणि समोरचं दार तर आमचंच!

घरात सांगायची सोय नव्हती, सासूबाई मलाच वेड्यात काढतील. म्हणून मी स्वतःच उतारा शोधला. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून गेले आणि तिची पाठ वळल्याबरोबर पाचव्या वाटीत एक लिंबू टाकून आले. वर मनातल्या मनात मारुतीचं नावही घेतलं. घरी येऊन इतकी झोप लागली म्हणता!

पेसाहच्या पाचव्या दिवशी दुपारी शिगुलाताई हातात झाकलेलं भांडं घेऊन दारात. "कुसुम, लिंबाचं कालवण. गंगापूर धरणाचा रोहू. डॅनियलनी तीनदा वाढून घेतलं. वाटीत लिंबू कोणी टाकलं ते घरात एकही कबूल करेना, तेव्हा म्हटलं हरकत समोरच्या घरातून आलेली दिसते. टाकलंस ते बरं केलंस, पण पुढल्या वेळी दोन टाक. एका लिंबात माणशी थेंबच येतो."

मी लाल, पांढरी, हिरवी, सगळ्या रंगांची झाले. तिनं मला शेवटपर्यंत विचारलं नाही की लिंबू का टाकलंस. मला खात्री आहे, तिला माहीत होतं. दवाखान्यात तिनं माझ्यासारख्या शंभर खुळ्या पाहिल्या असतील. तेव्हापासून दरवर्षी एका वाटीत लिंबू असे, आणि त्या वाटीला घरात 'कुसुमची वाटी' म्हणत.

ती उंच नव्हती, पण उंच वाटायची. चालताना रबरी चपलांचा आवाज यायचा नाही, वॉर्डाची सवय. कालवणाची चव तळहाताच्या मागच्या बाजूवर थेंब घेऊन बघायची. आपण चव घ्यायला गेलो की म्हणायची, "खोटं बोल, पण लवकर बोल, गॅस चालू आहे." भूक लागल्यावर काय करायचं ते ठरवणारी बाई आधीच हरलेली असते, असं तिचं मत. पाहुणे जेवत असताना ती कधी बसायची नाही. टेबलाभोवती राउंड घ्यायची. कोणी कमी जेवलं की कपाळाला हात लावून बघायची. सेदेरच्या रात्री, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्री पोथी वाचून जेवतात तेव्हा, चार पेले द्राक्षरस लागतो त्यांना. नाशकात आता वाईनचे एवढे कारखाने झाले, तरी ही काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करणार. "वाईन प्यायली की डॅनियलना पोथी वाचताना झोप येते," हे कारण. सेदेरची पोथी ते मराठीतून वाचायचे. मिसरच्या राजाचा प्रसंग आला की रेल्वेतल्या कुठल्याशा साहेबाची आठवण होऊन त्यांचा आवाज चढायचा.

माझी दुसरी फजिती लिंबानंतर वर्षभरानं. पेसाह आणि आपली हनुमान जयंती हातात हात घालून येतात, चैत्राची पौर्णिमाच ती. मी उत्साहानं पुरणपोळ्या केल्या आणि तूप सोडून ताट घेऊन तिच्या दारात उभी. गव्हाच्या! पेसाहचा दुसरा दिवस! तिनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दारात उभी राहूनच म्हणाली, "वा, काय वास सुटलाय!" आणि चपला घालून बाहेर आली, मला दंडाला धरून माझ्याच घरात घेऊन गेली, मला माझ्याच स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. "मला आठ दिवस चालायचं नाही. पण अन्नाला परत पाठवलं असं नको व्हायला. खा तू. मी बघते." एकेक पोळी संपली की विचारायची, "कशी झालीय? पुरण कडेपर्यंत गेलंय का?" मी चार पोळ्या खाल्ल्या. पाचवीला रडू यायचं बाकी होतं. सासूबाई दारातून बघून म्हणाल्या, "हिला काय झालंय? दिवस गेले की काय?" शिगुलाताई म्हणाली, "नाही हो काकू, अक्कल येतेय. जरा जड जाते."

अशी ती. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. डॅनियलभाऊ मुलाकडे इस्राएलला असतात आणि फोनवर अजूनही मनमाडच्या गाड्यांची चौकशी करतात. पण मला सांगायचंय ते त्याआधीच्या एका पेसाहचं.

तिचा मुलगा बेनी इस्राएलमध्ये अश्दोदला असतो, कॉम्प्युटरचं काम करतो. लग्न तिकडेच झालं. बायको नोआ, तिचे आजी-आजोबा पोलंडमधून तिथे आलेले. दोघं एकदा दिवाळीत येऊन गेली होती, पेसाहला मात्र बेनी कित्येक वर्षांत आला नव्हता. त्या वर्षी त्याचा फोन आला: येतोय, नोआला घेऊन. शिगुलाताईनं ऐकलं आणि पितळेची भांडी काढायला माळ्यावर चढायचीच बाकी होती, तोवर बेनी म्हणाला, "आई, एक आहे. नोआच्या लोकांत पेसाहला तांदूळ खात नाहीत. डाळी नाहीत, शेंगदाणा नाही, मोहरीपण नाही. पण तू टेन्शन घेऊ नको. आम्ही हॉटेलात उतरतो. आमची खोकी बरोबर आणतो. तुला त्रास नको."

शिगुलाताई माझ्याकडे आली आणि बसली. ती बसली म्हणजे प्रकरण गंभीर.

"माझा मुलगा सणाला माझ्या गावात येणार," ती म्हणाली, "आणि हॉटेलात बसून खोक्यातलं खाणार. कुसुम, आठ दिवस सगळे एका टेबलावर जेवले तर तो सण. नाहीतर पाहुणे आले, पाहुणे गेले."

मी आपलं सोपं सुचवलं, "मग त्यांचं वेगळं शिजव, तुमचं वेगळं."

"अगो, दोन चुली घराच्या वाटण्या झाल्यावर मांडतात."

डॅनियलभाऊंचं दुःख निराळं. ते पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत मलाच विचारायला लागले, "म्हणजे माझी आई, तिची आई, सगळ्या तांदळाची भाकरी खाऊन सण पाळत आल्या, त्या काय चुकल्या? आणि तिकडे सण सातच दिवसांचा! तांदूळही नाही आणि वर दिवसही एक कमी!"

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी. "कुसुम, तू एकादशीला काय काय खातेस? खरं सांग."

"एकादशी, दुप्पट खाशी," मी म्हटलं. "काय खात नाही ते विचार."

"चेष्टा नको. डबे काढ."

मी उपासाचे सगळे डबे ओट्यावर मांडले. तिनं फोन लावला, समोर नोआ आली. डोक्याला रुमाल, मागे तिचं स्वयंपाकघर. मराठी बेनीनं शिकवलेलं, तुटक पण धीट. शिगुलाताई एकेक वस्तू फोनसमोर धरायची, जणू रुग्णाचा एक्स-रे.

"ही भगर."

नोआ डोळे बारीक करून म्हणाली, "आई, हा तर छोटा तांदूळ."

"गेली भगर. हा राजगिरा."

"बी आहे?"

"बी आहे."

"मग नको, आई. सॉरी."

"सॉरी काय त्यात? हा साबुदाणा. कंदाचा असतो, जमिनीखालचा. बी नाही, दाणा नाही, नाव उगाच दाणा." मग शिंगाडा आला. "हा पाण्यात होतो. तळ्यात. म्हणजे कमळाचा शेजारी."

नोआ तिच्या आईला विचारणार, आई त्यांच्या धर्मगुरूंना विचारणार. जिऱ्यावर बराच खल झाला, शेवटी जिरंही बाद. संध्याकाळी निरोप आला: साबुदाणा पास, शिंगाडा पास, रताळी-बटाटे तर हवे तितके. मागोमाग बेनीचा फोन, हॉटेल रद्द केलंय.

शिगुलाताईनं मला मिठी मारली. आणि लगेच म्हणाली, "शिंगाडे अख्खे आणायचे. पीठ घरीच करायचं. तू जातं ओढणार आहेस." वाळलेले शिंगाडे दळले आहेत कधी? नका दळू. माझे दंड आठ दिवस बोलत होते.

त्या वर्षीच्या वाट्या पाहण्यासारख्या होत्या. शिंगाडा, साबुदाणा, रताळं, गोट्या, आमसूल, लिंबू. फोडणीला खोबरेल आणि कढीलिंब, बाकी सगळ्यांना सुट्टी. डॅनियलभाऊंनी येता-जाता प्रत्येक वाटीत तांदळाचे चार-चार दाणे टाकले. शिगुलाताईनं ते वेचले आणि खिडकीबाहेर चिमण्यांना घातले. सुरगाण्याचं पोतं चादरीखाली झाकून कपाटाच्या तळाशी गेलं. दळून ठेवलेल्या तांदळाच्या पिठाचा डबा त्याच्या मागे. हातसुद्धा दोनदा धुतले तिनं. वॉर्डात एका खाटेला गोवर निघाला की अख्खा वॉर्ड फिनाईलनं धुणारी बाई, तिचा धर्मही तसाच.

सेदेर झकास झाला. दुसऱ्या दिवशी नारळ घातलेली साबुदाण्याची खिचडी पाहून नोआनं चमचा हवेतच धरला. "हा नक्की भात नाही ना?" सगळे हसले, डॅनियलभाऊ सोडून. ते त्या खिचडीकडे असे पाहत होते, जसा निवृत्त माणूस नव्या टाइमटेबलाकडे पाहतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते अर्ध्या ताटावरून उठले. भांडण नाही, आदळआपट नाही. "पोट भरलं," म्हणाले आणि बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले. टेबलावर एक जागा रिकामी झाली. शिगुलाताई कढई हातात घेऊन तशीच उभी. इतकं दळलं, इतकं निवडलं, आणि शेवटी जे नको होतं तेच झालं.

संध्याकाळी मी नारळ खोवून द्यायला गेले होते. नोआ चादर शोधत होती, तिनं कपाट उघडलं आणि पोतं बाहेर आलं. त्यामागे पिठाचा डबा.

"आई, हे काय?"

"ते नंतरचं," शिगुलाताई घाईघाईनं म्हणाली. "तू नको बघू."

नोआनं डबा उघडला. पीठ बोटावर घेतलं. मग पॅसेजमध्ये बसलेल्या डॅनियलभाऊंच्या पाठीकडे पाहिलं. पोरगी हुशार.

"बाबा हे खातात? सणाला?"

"आम्ही सगळेच खातो. म्हणजे खायचो."

"आणि माझ्यासाठी बंद?" नोआ खाली जमिनीवरच बसली. मराठी पुरेना, मग थोडं इंग्रजी, थोडे हात. "आई, आम्ही खात नाही. मी खात नाही. घरात ठेवू नको असं कोण म्हणालं? शिजवू नको कोण म्हणालं? बाबांना वाढू नको कोण म्हणालं?"

शिगुलाताईनं माझ्याकडे पाहिलं. साबुदाण्याची सात पिढ्यांची वंशावळ फोनवर विचारली होती आम्ही. एवढंच विचारायचं राहिलं होतं. मला हसू आवरेना. तिनं मला डोळ्यांनी दम दिला, पण तिचेही ओठ हलायला लागले होते.

"पण मग ताटात वेगवेगळं येणार ना," ती पुटपुटली. "एकीकडे ते, एकीकडे हे."

नोआनं बाह्या वर केल्या, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "शिकव."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडं परत न्यायच्या निमित्तानं त्यांच्या दारात उभी राहिले. निमित्त खोटं होतं, हे सांगायला नकोच. आत टेबल लागलेलं. डॅनियलभाऊंच्या ताटात भाकरी होती. भाकरी म्हणायची ती आपुलकीनं. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली, कडा अशी की जिल्ह्याचा नकाशा. नोआच्या कोपरापर्यंत पीठ. तिच्या स्वतःच्या ताटात शिंगाड्याचं थालीपीठ, पण लक्ष सगळं समोरच्या ताटावर. बेनी श्वास रोखून.

डॅनियलभाऊंनी तुकडा मोडला, नारळाच्या दुधात बुडवला, खाल्ला. बराच वेळ चावला. चावावाच लागला असेल.

"अश्शीच," ते म्हणाले, "अगदी अश्शीच माझी आई करायची."

भाऊंची आई होती तेव्हा मी तिच्या हातची भाकरी खाल्लेली आहे. रेशमाचा रुमाल घडी घालून ठेवावा तशी. मी शिगुलाताईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते. नोआनं टाळ्या वाजवल्या. भाऊंनी दुसरी मागितली.

मग शिगुलाताईनं जे केलं ते मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. तिनं कढई खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीलाच बसली, नवरा आणि सून यांच्या मधोमध. उजवीकडून भाकरीचा जाड तुकडा मोडून घेतला, डावीकडून थालीपिठाचा, दोन्ही आपल्या ताटात ठेवले आणि भुकेल्या पोरीसारखी जेवायला लागली. ना राउंड, ना कोणाच्या कपाळाला हात.

मला राहवेना. दारातूनच विचारलं, "ताई, रात्री काय बेत?"

तिनं तोंडातला घास संपवला नाही. वर पाहिलंही नाही. पिठानं माखलेल्या सुनेकडे नुसता अंगठा केला.

"मला काय विचारतेस? तिला विचार."